चार हजाराच्या वरचं

जयंतीला तीन आठवडे उरले होते. वार रविवार, वेळ सकाळची, ठिकाण आमच्या परळच्या चाळीतलं तळमजल्यावरचं विहार. ठरलेली रक्कम सातशे रुपये. हजर होते ते असे: मंडळाचे सेक्रेटरी शांतारामकाका, त्यांच्या गाण्याच्या पार्टीतले पेटीवाले आणि तबलजी, चाळीतले दहाबारा पुरुष, दाराशी उभ्या असलेल्या बायका, माझे वडील, आणि वडिलांच्या मागे सतरंजीवर मी. ठराव झाला तो असा, की यंदा जयंतीच्या कार्यक्रमाला स्पीकर बाहेरून आणायचा. दादरच्या एका साउंडवाल्याला सातशे रुपये द्यायचे, त्यातले शंभर आगाऊ. विरोध कुणी केला नाही. वडिलांनीही नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मला आठवतं तेव्हापासून चाळीतल्या प्रत्येक जयंतीला, लग्नाला, बारशाला स्पीकर दादांचा असायचा, आणि तो अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला होता. त्यामुळे ठराव वाचून झाल्यावर शांतारामकाका उठून त्यांच्या समोर येऊन बसले. माणूस पोस्टात नोकरीला, गळा चांगला, आणि जे बोलायचं ते तोंडावर बोलणारा.

"सख्या, राग मानू नकोस," ते म्हणाले. "तुझ्या कर्ण्यातून गायला लागलो की वाटतं कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढतंय. मागच्या जयंतीला पुढच्या रांगेतल्या बायका पदर कानावर धरून बसल्या होत्या."

"तू गातोसच तसा," दादा म्हणाले.

सगळे हसले. शांतारामकाकाही हसले. हसू दादांच्या बाजूचं होतं, पण ठराव काही बदलला नाही. बाहेर पडताना दादांनी विहाराच्या भिंतीवरच्या खुंटीकडे एकदा पाहिलं. दर वर्षी वायरचं भेंडोळं त्या खुंटीला लटकवायचे ते.

आता हे सातशे रुपये दादांच्या खिशातून जाणार नव्हते आणि त्यांच्या खिशात येणारही नव्हते, कारण जयंतीचे पैसे ते कधीच घेत नसत. पण गिरणी बंद पडल्यापासून आमचं घर त्या अ‍ॅम्प्लिफायरवर चाललं होतं. लालबागपासून करी रोडपर्यंतची लग्नं आणि साखरपुडे दादांकडे यायचे, ते जयंतीला त्यांचा स्पीकर ऐकून. घरच्याच चाळीनं स्पीकर बाहेरून आणला हे एकदा कळल्यावर दुसऱ्या चाळीतल्यांनी दादांना का बोलवावं? हे आईनं त्याच दुपारी मोरीत भांडी घासता घासता मला सांगितलं, आणि दादांना सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊकच होतं.

आमची खोली एकच, आणि तिला दोन वास होते. एक सुकटीचा आणि जवळ्याचा, तो आईच्या बाजूचा. दुसरा जळत्या राळेचा, तो दादांच्या बाजूचा. खिडकीखाली एक फळी होती, तिच्यावर सोल्डरिंग आयर्न, पक्कड, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांचे बिस्किटांचे डबे, आणि मध्ये तो अ‍ॅम्प्लिफायर. करड्या रंगाची पत्र्याची पेटी, समोर चार बटणं, मागे काळ्या पात्यांच्या पट्टीवर दोन मोठे ट्रान्झिस्टर. आत दोन ट्रान्सफॉर्मर. आवाज आधी लहान ट्रान्झिस्टरमधून ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरमध्ये यायचा, तिथून त्या दोन मोठ्या ट्रान्झिस्टरांना वाटला जायचा आणि पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून कर्ण्यात जायचा. बारा व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालायचा, म्हणून मिरवणुकीत हातगाडीवरही नेता यायचा. दादा रेडिओचं काम संध्याकाळच्या एका वर्गात शिकले होते, गिरणी चालू असतानाच. दिवसभर साचाखात्यात चार साचे सांभाळायचे आणि सुटल्यावर वर्गाला जायचे.

साचाखातं म्हणजे कापड विणण्याचा विभाग. शेकडो साचे एकाच वेळी चालायचे. लहानपणी एकदा मी आईबरोबर डबा द्यायला दारापर्यंत गेले होते. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच, तो छातीत बसायचा. आत माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलत. तळवा खाली केला की हळू, वर केला की हो, दोन बोटं ओठांना लावली की चहा. दादांनी ती भाषा घरीही आणली होती. मला चार यार्डांवरून, तोंड न उघडता, "अभ्यास झाला का" असं ते विचारू शकत, आणि मी खोटं उत्तर हातानंच द्यायला शिकले होते.

घरात एक नियम होता, आईनं घालून दिलेला. कुणाशी पाठीमागून बोलायचं नाही. समोर जायचं, नजरेला नजर मिळाली की बोलायचं. मला वाटायचं ही आमच्या घरची रीत आहे, मोठ्यांचा मान आहे. ती अशी अंगात भिनली की लग्नानंतर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "ही सूनबाई काही सांगायचं झालं की आधी समोर येऊन उभी राहते. दर वेळी मला वाटतं कुणीतरी गेलं." अजूनही माझी ती सवय गेलेली नाही. ऑफिसात लोक खुर्चीतून हाका मारतात, मी टेबलाला वळसा घालून जाते.

त्या वर्षी मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, इलेक्ट्रॉनिक्स. वर्गात आम्ही चौघी मुली. आणि नेमका त्याच महिन्यात आमचा प्रयोग झाला होता: ट्रान्सफॉर्मर कपल्ड ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स काढणे. काम सोपं आहे. आत एकसारखा, ठरलेल्या उंचीचा सूर सोडायचा. तो खर्जापासून चढवत न्यायचा, आणि प्रत्येक पायरीला बाहेर किती व्होल्ट आले ते लिहायचं. मग कागदावर रेघ काढायची. रेघ जितकी सरळ, तितका अ‍ॅम्प्लिफायर प्रामाणिक. दोन दिवस दादा गप्प बसलेले पाहून मी त्यांच्या समोर गेले आणि म्हटलं, "दादा, आपण याचा ग्राफ काढू. कॉलेजात."

"त्यानं काय होईल?"

"कळेल तरी. खिळा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे की शांतारामकाकांच्या गळ्यात."

ते त्यांना पटलं. "कागद असला की दाखवता येतो," ते म्हणाले. "तोंडाचं काय, तोंड तो रोज चालवतो."

शनिवारी अर्धी सुट्टी असायची. प्रयोगशाळेच्या प्रभू मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कर, पण काही उडालं तर भरून तू द्यायचं." माहीमच्या बाजूला जाणाऱ्या बसमध्ये दादा पेटी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तेव्हा म्हणाले, "मांडीवरच्या पोराचं तिकीट काढतात का?" कंडक्टरनं पेटीकडे पाहिलं आणि पुढे गेला. दादांनी त्या दिवशी लग्नात घालायचा शर्ट घातला होता.

प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं, मॅडम आपल्या केबिनमध्ये पेपर तपासत होत्या. मी सिग्नल जनरेटर माइकच्या जागी जोडला. कर्ण्याच्या जागी तारेचा जाड रेझिस्टर लावला, आणि त्यावर सीआरओ, विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. सीआरओच्या पडद्यावर हिरवी लाट उभी राहिली.

"आणि कर्णा?" दादांनी विचारलं.

"कर्णा नाही. त्याच्या जागी हा."

"म्हणजे हा मुका गाणार."

"हो. आणि आपण बघणार."

मी सुराचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते सांगायचं, बटण फिरवायचं, आणि दादांनी पडद्यावरचे चौकोन मोजायचे, असं काम वाटून घेतलं. पाचसात वेळा झाल्यावर ते माझ्याआधी सांगायला लागले. हजारला चार व्होल्ट. पाचशेला चार. दोनशेला चारला जरा कमी. शंभरला दोन पूर्णांक आठ. तिथे मी थांबून खूण केली. दादांनी विचारलं, "इथं काय?"

"इथं ताकद अर्धी झाली. व्होल्ट नाही, ताकद; ती व्होल्टच्या वर्गानं उतरते. पुस्तकात असं म्हणतात की इथपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर आपला, याच्या खाली आपला धरायचा नाही."

"बरोबर आहे," दादा म्हणाले. "ट्रान्सफॉर्मरचं लोखंड कमी पडतं खाली. मोठा घेतला असता तर हातगाडीवर चढवताना कंबर गेली असती."

मग वर निघालो. दोन हजारला चार. तीन हजारला पाच. चार हजारला साडेसात. पाच हजारला लाट पडद्याच्या बाहेर गेली. मला बटण बदलून ती परत आत आणावी लागली. दहा व्होल्ट. आठ हजारला पुन्हा पाच, आणि तिथून पुढे धडाधड खाली. मी सेमीलॉगच्या कागदावर ठिपके मांडले आणि रेघ जोडली. गिरगावातून सरळ रस्त्यानं चालत यावं, एकदम मलबार हिलचा चढ लागावा आणि चढ संपताच समुद्र, तसं ते दिसत होतं.

दादा चढाकडे बघत होते. चेहरा खुलला होता. "हे दाखव शांतारामला. दादरवाल्याचा उसळतो का असा?"

"दादा, उसळायला नको. सरळ हवा."

"सरळ म्हणजे मेलेला."

"सरळ म्हणजे आत गेलं तेच बाहेर आलं."

"मला तर जे आत जातं तेच बाहेर ऐकू येतं," दादा म्हणाले. "रेझिस्टरवर नाही समजणार ते. स्पीकर लाव."

मला तोपर्यंत एक गोष्ट दिसली होती. पेटीचं झाकण उघडं होतं. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला दोन रिकाम्या जागा होत्या, जुन्या सोल्डरचे काळे ठिपके असलेल्या. तिथे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असायला हवा होता. ट्रान्सफॉर्मर वरच्या सुरांना स्वतःच घुमायला लागतो, ती जोडी त्याला धरून ठेवते. "ही कुठे गेली?" मी विचारलं.

"काढली. तिच्यानं आवाज झोपतो. आधी लहान घालून बघितली, मग आणखी लहान. मग म्हटलं नकोच."

"कधी काढलीत?"

"गिरणी बंद व्हायच्या आधी. नाही, आधी लहान घातली ती गिरणीत असताना. काढली नंतर."

कपाटात एक छोटा स्पीकर होता तो मी जोडला. जनरेटर पुन्हा खालून फिरवला. हजारला सूर सरळ, स्वच्छ. तीन हजारला जरा टोचायला लागला. पाच हजारला प्रभू मॅडम कानावर हात ठेवून केबिनच्या दारात आल्या. "अगं, कमी कर. डोकं उठलं."

"खुपतंय का हो, दादा?" मी ओरडून विचारलं.

"कुठं काय खुपतंय? छान येतोय." ते पडद्याकडे बघत होते. हिरवी लाट मोठी आणि गुळगुळीत होती.

माझे कान दुखत होते. जरा विसावा म्हणून मी स्पीकरची वायर उपटली. आवाज थांबला, इतका की बाहेरच्या रस्त्यावरची टॅक्सी ऐकू आली. पण सीआरओ अजून अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला होता, आणि स्पीकरचं ओझं निघून गेल्यामुळे लाट आणखी उंच झाली.

"हां," दादा म्हणाले, पडद्यावरची नजर न हलवता. "आता बघ. आता कसा मोकळा झाला आवाज."

मॅडमनी माझ्या हातातल्या वायरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या केबिनमध्ये गेल्या आणि दार हळू ओढून घेतलं. मी तशीच उभी राहिले. दादांना वाटलं असावं मी पुढचा आकडा का सांगत नाही, म्हणून ते वळले. त्यांना वायर दिसली. त्यांनी वायर बघितली, पडदा बघितला, पुन्हा वायर बघितली. आयुष्यभर वायरी जोडलेला माणूस. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"परत जोड," ते म्हणाले.

मी जोडली.

"आता खालून फिरव. मी तिकडे बघत नाही. ऐकू आलं की बोट वर करतो."

त्यांनी स्टूल उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले. आमच्या घरात कधी कुणी असं बसलं नव्हतं. मी दादांची पाठ इतका वेळ त्याच्या आधी कधी पाहिली नव्हती. मी बटण फिरवलं. शंभर, बोट वर. पाचशे, हजार, दोन हजार, लगेच वर. तीन हजारला बोट आलं, पण विचार करून. चार हजारला अर्धवट उठलं आणि पुन्हा गुडघ्यावर टेकलं. पाच हजारला स्पीकर किंचाळत होता, केबिनच्या काचा थरथरत होत्या, आणि दादा शांत बसले होते, हात गुडघ्यावर, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

मी सगळं बंद केलं. मागून काही बोलणं शक्यच नव्हतं. फिरून त्यांच्या समोर गेले.

"कितीवर?" त्यांनी विचारलं.

"चार हजार."

त्यांनी मान हलवली. "साच्यातल्या धोट्याचा खटका तिथंच कुठेतरी असेल," ते म्हणाले. आणि मग, "वर अजून किती असतं?"

"माणसाला वीस हजारपर्यंत ऐकू येतं म्हणतात."

"म्हणजे माझं पाचातलं एक राहिलं."

माझ्या हातात तो सेमीलॉगचा कागद होता. त्या कागदावर आकडे सारख्या अंतरावर नसतात. दहा ते शंभर जेवढी जागा, तेवढीच शंभर ते हजारला, तेवढीच हजार ते दहा हजारला. मी त्यांना वीसवर बोट ठेवायला सांगितलं आणि ते चार हजारपर्यंत सरकवत नेलं. पाऊण कागद संपून पुढे गेलं होतं बोट. "वर उरतं ते एवढंसं, दादा."

त्यांनी उरलेल्या जागेवर अंगठा ठेवून बघितला. मावत नव्हता तरी फार बाहेरही येत नव्हता. "कागद बनवणारा माणूस बरा होता," ते म्हणाले.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी कागदावर चढाच्या खाली पेन्सिलीनं एक रेघ काढली, अंदाजानं, दादांच्या कानाची. जिथे अ‍ॅम्प्लिफायर चढत होता तिथेच ती उतरत होती. वरची आणि खालची मिळवली की सरळ होत होती. दर वर्षी थोडं थोडं करत, कपॅसिटर लहान करत, काढून टाकत, दादांनी तो अ‍ॅम्प्लिफायर बरोबरच जुळवला होता. फक्त एकाच माणसासाठी.

पण ते रात्री. त्याआधी संध्याकाळी घरी आलो. आई ओले बोंबील तळत होती, तव्याचा आवाज सगळ्या खोलीभर. दादांनी पेटी फळीवर ठेवली आणि आईच्या समोर पाटावर जाऊन बसले.

"काय निघालं?" आईनं विचारलं.

"अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे. माणूस बिघडलाय."

आईनं बोंबील उलटला. "ते मला ठाऊक आहे. कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही त्याला किती वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"समोर येऊन बोलत होते की," आई म्हणाली.

तव्यातलं तेल तडतडत राहिलं. मला तेव्हा तो नियम समजला. दादांनाही समजला असावा, कारण ते बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "करपतोय." तो खरंच करपत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेझिस्टर आणि कपॅसिटर काढले, बिस्किटांच्या डब्यातून अचूक तेच, आणि आयर्न तापवलं. मी आकडा सुचवायला गेले तर म्हणाले, "पहिला होता तोच. माझ्या लक्षात आहे." सोल्डर लावला, पुसला, पेटी जोडली आणि माइकवर चुटकी वाजवली. मला ती चुटकी चुटकीसारखी ऐकू आली, पहिल्यांदाच. दादांचा चेहरा पडला. "झोपला," ते म्हणाले. पुन्हा चुटकी वाजवली. हात बराच वेळ आयर्नकडे जात होता, हे मी बघितलं. एका सेकंदाचं काम होतं ते, जोडी पुन्हा उपटून काढायचं. त्यांनी आयर्नचा प्लग काढला.

"आता मी याला कसा जुळवू?" ते म्हणाले. मला विचारलं नव्हतं, पण मी समोरच होते.

"मी ऐकते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खरेदी करण्याआधी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन बघत, तसं. "बरं," ते म्हणाले. "चार हजाराच्या खालचं माझं. वरचं तुझं."

शांतारामकाकांना त्यांनी स्वतः बोलावून आणलं. काहीही लपवलं नाही. "कान गेला माझा, वरच्या बाजूनं," ते म्हणाले. "साच्यात ठेवून आलोय. ही बसेल माझ्या समोर. आता गा आणि सांग."

काकांनी माइक धरला, एक ओळ गायली, थांबले. पुन्हा तीच ओळ, जरा वरच्या पट्टीत. मग माइककडे बघितलं. "सख्या, मग इतकी वर्षं काय करत होतास रे?"

"तुला तुझा गळा ऐकवत होतो. आता म्हटलं दुसऱ्या कुणाचा तरी ऐकवू."

"शंभर दिलेत मी त्याला आगाऊ," काका म्हणाले.

"ते तुझ्या कर्माचे."

काकांनी पुढच्या बैठकीत ठराव मागे घेतला. कारण सांगताना एवढंच म्हणाले, "यंत्राची दुरुस्ती झालेली आहे." दादांच्या कानाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि कुणी विचारला नाही.

जयंतीच्या संध्याकाळी चाळीच्या पटांगणात स्टेज बांधलं. दादा अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसले, आणि मी त्यांच्या समोर, स्टेजला पाठ करून. तसंच बसायला हवं होतं, नाहीतर माझे हात त्यांना दिसले नसते. साचाखात्याची ती भाषा आमच्याकडे होतीच. तळवा खाली केला की ते वरचं बटण कमी करायचे, वर केला की वाढवायचे. खर्ज जड झाला की त्यांना माझी गरज नसायची, ते आपणहून हात घालायचे, आणि बरोबर घालायचे, कारण ते मला इतकं चांगलं ऐकू यायचं नाही. सगळी चाळ स्टेजकडे बघत होती. मी दादांकडे. शांतारामकाका चढत गेले की दादांची नजर माझ्या हातावर यायची, आणि माझा हात स्थिर राहिला की ते डोळे मिटायचे. पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर खांद्यावरच होते. त्या दिवसानंतर सहा जयंत्यांना मी अशीच बसले, आणि त्या सहाही वर्षांत स्टेज कसं सजवलं होतं हे मला सांगता येणार नाही. मला त्या गाण्यांतून फक्त एक चेहरा आठवतो.

नंतर माझं लग्न झालं आणि मी माहीमला आले. टेलिफोन खात्यात नोकरी लागली. रविवारी चाळीखालच्या दुकानात फोन करायचे, आणि दादा यायचे. आईला माझं निम्मं कळायचं नाही, पण दादांना सगळं कळायचं, शब्द न् शब्द. त्याचं कारण साधं आहे. टेलिफोनच्या तारेतून साडेतीन हजाराच्या वरचं काही जातच नाही. त्या तारेवर दादांचे कान कुणाइतकेही चांगले होते. "तुझ्या खात्यानं वरचं कापलंय, बरं केलं," ते म्हणायचे. "सगळे सारखे झाले." शेवटच्या वर्षी ते फोनवर फार बोलत नसत. मी बोलत राहायचे आणि ते "हां, हां" करायचे, खालच्या पट्टीत, आणि तो आवाज त्या तारेतून पूर्ण यायचा.

चाळ आता नाही. तिच्या जागी टॉवर आहे आणि विहार त्याच्या पहिल्या मजल्यावर गेलं आहे, एसी आहे. अ‍ॅम्प्लिफायर माझ्या घरात कपाटावर आहे. हल्ली कुकरच्या शिट्ट्या मुलगी मोजते आणि मला सांगते, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडत नाही, समोर येऊन सांगते. हे तिला मी शिकवलेलं नाही. एखाद्या दुपारी मी अ‍ॅम्प्लिफायर लावते. ती जोडी काढून टाकावी आणि दादांना ऐकू यायचं तसं एकदा ऐकावं, असं मनात येतं. मग येतं की वरचं काम माझं होतं, आणि मी हात लावत नाही.

त्या पहिल्या जयंतीचा हिशेब एवढा राहिला. दादरच्या साउंडवाल्यानं आगाऊ घेतलेले शंभर रुपये परत केले नाहीत. बॅटरी चार्जिंगचे बारा रुपये कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दिले. दादांनी नेहमीप्रमाणे काही घेतलं नाही. शांतारामकाका दहाची नोट घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ही तुझी. ऐकण्याची मजुरी." दादा आमच्याकडे पाठ करून वायर गुंडाळत होते. मी फिरून त्यांच्या समोर गेले, नोट दाखवली आणि हातानं विचारलं. त्यांनी वायरचं भेंडोळं काखेत धरलं, मोकळा झालेला तळवा वर केला, आणि मी दहा रुपये घेतले.